धुराची आकारणी

घाटाखालच्या बुलढाणा जिल्ह्यातून, मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव या स्थानकांवरून, मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग धावतो, आणि या मार्गावर प्रवाशांच्या गाड्यांमागोमाग विदर्भातील खाणींचा कोळसा लादलेल्या मालगाड्याही जात असतात. शेगाव सोडून अकोल्याच्या दिशेने निघालेल्या प्रवाशास नागझरीनंतर पारसचे औष्णिक वीजकेंद्र लागते. मलकापूर सोडून भुसावळकडे निघालेल्यास दीपनगरचे. या दोन केंद्रांच्या मध्ये जो जिल्हा पसरलेला आहे, त्याच्या स्वतःच्या हद्दीत मात्र ना मोठे औष्णिक केंद्र, ना सिमेंटची भट्टी, ना पोलादाचा महाकाय कारखाना. कापूस, सोयाबीन, तूर, मका आणि हरभरा यांवर येथील लोकांचा चरितार्थ चालतो, आणि कारखानदारी म्हणावी तर जिनिंग-प्रेसिंग, तेलगिरण्या आणि खामगाव-मलकापूरच्या औद्योगिक वसाहती एवढीच काय ती आहे. अशा जिल्ह्यातील वाचकाने कारखान्यांच्या धुरावर किंमत बसविण्याच्या राष्ट्रीय धोरणाची उठाठेव का करावी, असे कोणी विचारले तर माझे उत्तर हे आहे की, धुराचा जो हिशेब आता देशभर मांडला जाऊ लागला आहे त्यात लाभाच्या बाजूस बुलढाण्याचे नाव जवळजवळ नाही आणि हानीच्या बाजूस ते ठळक आहे. आणि हा हिशेब कसा ठेवला जातो हे पाहण्याचा अधिकार हानी सोसणाऱ्याइतका दुसऱ्या कोणास पोहोचत नाही.

या धोरणाच्या मुळाशी असलेला विचार शंभर वर्षांहून जुना आहे. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर सेसिल पिगू यांनी १९२० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात जी उदाहरणे घेतली, त्यांपैकी एक रेल्वेचेच होते. इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांनी रुळांलगतची झाडी जळते, पण त्या झाडीची किंमत रेल्वे कंपनीच्या जमाखर्चात कोठेही पडत नाही, आणि पडत नाही म्हणूनच कंपनी ठिणग्या रोखण्यासाठी खर्च करीत नाही. तेव्हा सरकारने त्या हानीइतका कर कंपनीवर बसवावा, म्हणजे दुसऱ्याचे नुकसान तिला स्वतःचे वाटू लागेल, असा पिगूंच्या प्रतिपादनाचा सारांश आहे. कोळसा, तेल आणि वायू यांच्या ज्वलनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड ही या ठिणगीचीच अतिविराट आवृत्ती होय, इतकाच भेद की ती कोठल्या एका शेतावर पडत नाही. ती साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळते, शतकानुशतके तेथे राहते, आणि तिची झळ ज्यास लागते तो बहुधा भट्टीपासून शेकडो कोस दूर असतो. २०२३ च्या जुलै महिन्यात संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत अतिवृष्टीने जमिनी खरडून नेल्या, तेव्हा त्या एका पावसाचा सगळा दोष कोणत्याही एका चिमणीच्या माथी मारणे शास्त्राला धरून झाले नसते. पण तापलेल्या हवेत बाष्प अधिक साठते आणि ते कोसळते तेव्हा एकदम कोसळते, ही गोष्ट आता विवादाच्या पलीकडे गेलेली आहे. ज्याच्या बांधावरची माती गेली त्याने ती कोणाकडे मागावी, या प्रश्नाला न्यायालयात उत्तर नाही. किंमत बसविण्याचे धोरण हे त्या अनुत्तरित प्रश्नावर शोधलेले एक अपुरे, पण माझ्या मते आवश्यक उत्तर आहे.

भारताने हे उत्तर पहिल्यांदा दिले ते गाजावाजा न करता, अंदाजपत्रकाच्या एका कलमातून. २०१० साली केंद्र सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसविला. २०१४ साली तो १००, २०१५ साली २०० आणि २०१६ साली ४०० रुपये झाला. कर आकारणे सोपे होते, कारण कोळसा खाणीतून निघतो किंवा बंदरावर उतरतो, त्याचे वजन होते, आणि वजनावर रक्कम ठरते. लाखो चिमण्यांवर पहारा ठेवण्याची गरज नाही. एक टन कोळसा जळला की त्याच्या प्रतीनुसार दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो असे धरले, तर ४०० रुपयांचा हा उपकर म्हणजे टनभर वायूवर सुमारे २६५ रुपयांची किंमत झाली. युरोपात गेली काही वर्षे याच टनाला ६० ते ८० युरो पडतात, त्यापुढे ही रक्कम क्षुल्लक दिसेल. परंतु जगातील बहुसंख्य देशांनी त्या वेळी एक कवडीही बसविली नव्हती हे लक्षात घेता, हा आरंभ आपण समजतो त्याहून पुष्कळ धीराचा होता.

पारसच्या केंद्राचे उदाहरण घेऊन हा हिशेब थोडा स्पष्ट करावा असे वाटते. तेथील दोन संचांची क्षमता प्रत्येकी २५० मेगावॅट, म्हणजे एकत्रित ५०० मेगावॅट. दोन्ही संच दिवसभर पूर्ण भाराने चालले तर १ कोटी २० लाख युनिट वीज निर्माण होते, आणि युनिटमागे सुमारे पाऊण किलो कोळसा व त्यातून निघणारा किलोभर वायू हे ढोबळ प्रमाण मानले, तर एका दिवसाचा धूर १२ हजार टनांच्या घरात जातो. टनामागे ४०० रुपयांच्या उपकराने अशा एका दिवसावर पस्तीसेक लाख रुपये बसत. ग्राहकाच्या युनिटवर पडणारा बोजा ३० पैशांच्या आत राही. युरोपीय दराने तीच रक्कम काही कोटींवर गेली असती आणि युनिटमागे सहा-सात रुपये वाढले असते. किंमत किती असावी या वादातली खरी अडचण येथे उघड होते: ३० पैशांनी कोणी कोळसा सोडत नाही, आणि सात रुपये खामगावच्या पिठाच्या गिरणीवाल्याला किंवा मोताळ्याच्या विणकराला पेलवत नाहीत. दर हळूहळू आणि अगोदर जाहीर करून वाढवावा, म्हणजे नवे केंद्र उभारणाऱ्यास पुढच्या वीस वर्षांचा अंदाज येईल आणि तो आजच वेगळा निर्णय घेईल, हाच त्यातला शहाणपणाचा मार्ग; कारण उभ्या असलेल्या चिमणीपेक्षा अजून न उभारलेल्या चिमणीवर किंमतीचा परिणाम अधिक होतो.

या उपकराची पुढची हकिगत मात्र मनाला खंत लावणारी आहे. जमा होणारा पैसा राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत जावा आणि त्यातून सौर, पवन व संशोधनाची कामे व्हावीत असा मूळ संकल्प होता. २०१०-११ पासून २०१७-१८ पर्यंत या करातून ८६ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम गोळा झाली. त्यांपैकी निधीकडे वळती झाली ती ३० हजार कोटींच्या आत, आणि प्रत्यक्ष कामांवर खर्ची पडली ती सुमारे १६ हजार कोटी. उरलेली रक्कम सर्वसाधारण खजिन्यात विरघळली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, आणि कोळशावरचे ४०० रुपये राज्यांच्या महसुली तुटीची भरपाई करणाऱ्या उपकरात रूपांतरित झाले. हवामानाशी त्यांचे नाते तेथेच तुटले. अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो भरपाई उपकरही उठला आणि कोळशावरचा वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेण्यात आला. वरवर पाहता करवाढ झाली असे वाटते. पण टनामागे ठरावीक रक्कम आकारण्याऐवजी किंमतीच्या प्रमाणात आकारणी झाल्यामुळे जो कोळसा जितका हलका, राखेने भरलेला आणि म्हणून स्वस्त, त्यावरचा बोजा तितका उतरला; वीजकेंद्रांत जाळला जाणारा बहुतेक देशी कोळसा याच प्रतीचा आहे. करपद्धती सुटसुटीत झाली हे खरे, तरी धुरावरची जी एकमेव थेट किंमत या देशात होती ती या सुटसुटीतपणात गेली, आणि तिच्याबद्दल विदर्भात कोणी चकार शब्दही काढला नाही, याचे मला फार वाईट वाटते.

उपकर मावळत असताना दुसऱ्या बाजूने एक नवी व्यवस्था आकार घेत होती, आणि आज 'कार्बनची किंमत' म्हटले की भारतात तिचाच निर्देश होतो. तिचे मूळ २००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमात आहे. त्या कायद्याच्या आधारे २०१२ पासून 'पॅट' नावाने ओळखली जाणारी योजना चालली: पहिल्या फेरीत आठ उद्योगांतील ४७८ कारखान्यांना ऊर्जेच्या वापराचे लक्ष्य दिले गेले, लक्ष्याहून अधिक बचत करणाऱ्यास प्रमाणपत्रे मिळाली, आणि कमी पडणाऱ्याने ती विकत घ्यावीत असा दंडक झाला. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन कार्बन बाजाराला अधिष्ठान मिळाले. २८ जून २०२३ रोजी कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पर्यावरण मंत्रालयाने सिमेंट, कागद, ॲल्युमिनियम आणि क्लोर-अल्कली या चार उद्योगांतील २८२ कारखान्यांना प्रत्येकी स्वतंत्र लक्ष्य ठरवून दिले. यांत सिमेंटचे कारखाने सर्वांत अधिक, १८६. योजनेचे प्रशासन ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोकडे, व्यवहारांचे नियमन केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे, आणि कसूरदाराकडून वसुलीचे काम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. लक्ष्य चुकवून 'पॅट'प्रमाणेच येथेही असलेली प्रमाणपत्रे न घेणाऱ्यास त्यांच्या सरासरी बाजारभावाच्या दुप्पट भरपाई भरावी लागेल.

सिमेंटचा उल्लेख आला म्हणून थोडे थांबतो, कारण बुलढाण्याचा या योजनेशी सर्वांत जवळचा संबंध सिमेंटच्या पोत्यातून येतो. चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या परिसरात चुनखडीचे विपुल साठे आहेत आणि त्यांच्या बळावर तेथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. सिंदखेड राजा आणि मेहकर तालुक्यांतून गेलेला समृद्धी महामार्ग असो, की घरकुलाच्या अनुदानातून उभी राहणारी दोन खोल्यांची भिंत असो, सिमेंटवाचून काही चालत नाही. या पदार्थाची अडचण अशी की त्याचा धूर केवळ कोळसा जाळल्याने निघत नाही. चुनखडी तापवून चुना करावा लागतो, आणि शुद्ध चुनखडीच्या १०० भागांतून ५६ भाग चुना हाती लागतो व ४४ भाग वायू हवेत जातो. उद्या भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालविली तरी हे ४४ भाग सुटणारच. म्हणून सिमेंटवाल्यापुढे मार्ग उरतो तो क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारा सिमेंटचा मूळ घटक, कमी वापरण्याचा: वीजकेंद्रांची राख आणि पोलाद कारखान्यांची मळी त्यात मिसळण्याचा. पारसची राख ज्या दिवशी सिमेंटवाल्यास क्लिंकरहून इतकी किफायतशीर वाटेल की तो तिच्यासाठी मागणी नोंदवू लागेल, त्या दिवशी प्रमाणपत्राच्या भावाने आपले काम केले असे म्हणता येईल. आणि राखेच्या बंधाऱ्यांलगतच्या शिवारांतील धूळही थोडी कमी होईल, हा लाभ कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिला जाणार नाही.

आता हे लक्ष्य कसे ठरते ते पाहू, कारण साऱ्या योजनेचे मर्म त्यात आहे. कारखान्याने वर्षभरात किती माल काढला आणि त्यापायी किती टन वायू सोडला, या दोहोंच्या भागाकारास उत्सर्जन-तीव्रता म्हणतात. २०२३-२४ हे वर्ष आधारभूत धरून प्रत्येक कारखान्याची तेव्हाची तीव्रता नोंदली, आणि २०२५-२६ व २०२६-२७ साठी ती किती खाली आणावी याचा आकडा दिला. समजा, एखाद्या कारखान्यास टन सिमेंटमागे ०.६० टन हे लक्ष्य मिळाले, त्याने ३० लाख टन माल काढला, आणि तीव्रता ०.५८ वर आणली, तर टन वायूमागे एक या हिशेबाने त्यास ६० हजार प्रमाणपत्रे मिळतील, ती ०.६२ राहिली तर तितकीच विकत घ्यावी लागतील.

बुलढाण्याच्या शेतकऱ्यास ही रीत नवी वाटू नये. पूर्वीची आणेवारी आणि आताची पैसेवारी याच घाटणीची आहे: एक प्रमाण उत्पन्न गृहीत धरायचे, पीक कापणीचे प्रयोग करून प्रत्यक्ष उत्पन्न मोजायचे, आणि दोहोंच्या गुणोत्तरावर गावाचे नशीब ठरवायचे. ५० पैशांच्या खाली आकडा आला तर टंचाईच्या सवलती, एक पैसा वर गेला तर काही नाही. पीकविम्यातही 'उंबरठा उत्पादन' हा असाच मूळ आकडा असतो, आणि ज्याने दोन-तीन हंगाम विम्याच्या दारात घालविले आहेत त्यास हे पुरते ठाऊक असते की, भरपाईचा दर किती आहे याहून उंबरठा कोणी, कोणत्या वर्षांवरून आणि कोणत्या शेतात मोजून ठरविला, हा प्रश्न मोठा आहे. या सुभ्यातली मोजणीची परंपराही थोडीथोडकी नाही. अकबराच्या काळच्या 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये मेहकरची गणना आहे, आणि तेव्हापासून इंग्रजी अमलातील जमाबंदीपर्यंत प्रत्येक राजवटीने येथील काळ्या मातीची प्रत लावून पाहिली. त्या साऱ्या इतिहासात रयतेची तक्रार दरापेक्षा प्रतवारीवरच अधिक राहिली. कार्बनच्या बाजाराचे खरे रणक्षेत्रही तेच आहे. फरक एवढाच की पैसेवारीचा आकडा जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केला की दुसऱ्या दिवशी पारावर त्याची चिरफाड होते. कारखान्याच्या तीव्रतेचा आकडा मात्र राजपत्रात छापून येतो आणि तो ज्या मोजणीतून निघाला ती मोजणी कोणी पाहत नाही.

मूळ आकडा सैल धरला तर काय होते, याचे दाखले दूर शोधावे लागत नाहीत. 'पॅट'च्या पहिल्या फेरीत बहुसंख्य कारखान्यांनी लक्ष्य ओलांडले, सुमारे ३८ लाख प्रमाणपत्रे निर्माण झाली, आणि ती घेण्यास बांधील असलेल्यांची गरज त्यांच्या निम्म्याहूनही कमी निघाली. बाजारात १,२०० रुपयांवर निघालेला भाव २०० रुपयांपर्यंत उतरला. बचत झाली हे खरे, आणि ती मोलाची होती, परंतु ज्याने अधिक बचत केली त्यास बाजाराने अधिक मोबदला दिला नाही. युरोपीय महासंघाने २००५ साली आपला बाजार उघडला तेव्हा उद्योगांना परवाने इतके सढळ हाताने वाटले की २००७ अखेर त्यांची किंमत शून्याजवळ येऊन ठेपली, आणि ती सावरण्यास पुढे दहा-बारा वर्षांची दुरुस्ती करावी लागली. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताने २००७ सालापासूनच मोठ्या कारखान्यांवर तीव्रतेच्या हिशेबाने किंमत बसविली आहे, आणि आपली योजना त्या पद्धतीची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. तेथे २०२५ साली जाहीर दर ९५ डॉलर असतानाही शिलकी पत्रांच्या ढिगामुळे प्रत्यक्ष व्यवहार त्याच्या निम्म्याहून कमी भावाने होत होते. त्याच कॅनडाने १ एप्रिल २०२५ रोजी सामान्य ग्राहकाच्या इंधनावरचा कार्बन आकार रद्द केला आणि कारखान्यांवरचा कायम ठेवला. लोकांच्या खिशाला दिसणारा कर राज्यकर्त्यांना जड जातो आणि कारखान्यावरचा तितका जात नाही, हे त्यामागचे राजकारण. पण न्यायाच्या दृष्टीनेही तो क्रम मला उचित वाटतो, कारण भट्टी बदलण्याची कुवत भट्टीच्या मालकात असते, तिच्या मालाच्या गिऱ्हाइकात नसते.

आपल्या योजनेतील दोन उणिवा मी येथे स्पष्टपणे मांडतो. एक म्हणजे तीव्रता घटली तरी एकूण धूर वाढू शकतो: माल दीडपट झाला आणि टनामागचा वायू दहा टक्के उतरला, तर हवेत जाणारा वायू वाढलेलाच असतो. वाढत्या देशाने, ज्याच्या दरडोई उत्सर्जनाचा आकडा अजून जगाच्या सरासरीहून खाली आहे, लगेच एकूण धुरावर कुलूप घालावे असे मी म्हणणार नाही. २०७० पर्यंत निव्वळ शून्यावर येण्याचा जो संकल्प देशाने सोडला आहे त्याकडे जाणारी एकूण मर्यादेची पायरी केव्हा येणार, हे मात्र आजच सांगितले पाहिजे. दुसरी उणीव याहून गंभीर आहे. देशातील सर्वांत मोठा धूर ज्या कोळशाच्या वीजकेंद्रांतून निघतो, ती या बंधनकारक बाजाराच्या पहिल्या यादीत नाहीत. म्हणजे गडचांदूरच्या भट्टीवर किंमत आहे आणि पारसच्या बॉयलरवर नाही. आणि कोळशावरचा उपकरही नाही. शिवाय या बाजारात फिरणारा पैसा एका कारखान्याकडून दुसऱ्या कारखान्याकडे जातो, तो सरकारी खजिन्यात येत नाही. उपकराच्या पैशाचे काय झाले ते वर सांगितलेच, पण तो निदान लोकांचा पैसा होता, त्याचा जाब विधिमंडळात आणि संसदेत विचारता येत होता. या नव्या व्यवस्थेत जाब विचारण्यासारखी रक्कमच उरत नाही, आणि ज्या जिल्ह्यात कारखाना नाही त्याच्या वाट्यास काही येण्याचा मार्गही उरत नाही.

देऊळगाव राजाहून थोड्याच वेळात पोहोचता येणाऱ्या जालन्यात लोखंडी सळयांचा मोठा उद्योग आहे. तेथील भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्न विजेवर वितळवितात. म्हणून त्यांचा स्वतःचा धूर थोडा आणि विजेमागून येणारा अधिक, कारण देशाच्या जाळ्यातील एका युनिटमागे आजही सुमारे ७०० ग्रॅम वायू निघतो. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय महासंघाने आयात होणाऱ्या पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत इत्यादी मालावर त्याच्या निर्मितीत सुटलेल्या कार्बनचा सीमा-आकार लागू केला आहे, आणि ज्या मालावर स्वदेशात कार्बनची किंमत भरलेली असेल तेवढी त्यातून वजा होते. जालन्याच्या सळईचे गिऱ्हाईक मुख्यत्वे देशांतर्गत असल्यामुळे तिला हा आकार लगेच भोवणार नाही, परंतु निर्यात करणाऱ्या मोठ्या गिरण्यांचा माल उद्या देशी बाजारात वळला तर स्पर्धेचा ताण येथवर पोहोचेल. दूरदेशीच्या भावाने येथला बाजार हलावा हा अनुभव खामगावास नवा नाही: अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडी कापसाकडे मोर्चा वळविला, त्या भरभराटीतूनच १८७० साली जलंबहून खामगावापर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनास आले, भाव मात्र लिव्हरपूलला ठरत राहिला. त्या काळी रयतेला त्या भावात बोलण्याचा अधिकार नव्हता. आज युरोपच्या खजिन्यात जाणारी किंमत स्वदेशी खजिन्यात वळविण्याचा अधिकार आपल्या सरकारास आहे, आणि तो वापरून येणारा महसूल कोठे जावा हे सांगण्याचा अधिकार मतदारास.

शेतकऱ्याच्या खिशाला या किंमतीची झळ किती लागेल, ही शंका रास्त आहे. युरियाची ४५ किलोची गोणी त्यास २६६ रुपये ५० पैशांस मिळते ती केंद्राच्या अनुदानामुळे; खतावर कार्बनची किंमत आली तर ती त्याच्यापर्यंत येण्याआधी अनुदानाच्या खात्यावर पडेल. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल महाराष्ट्रात २०२४ पासून राज्य सरकार भरते, तेव्हा विजेवरची वाढही आधी राज्याच्या तिजोरीला जाणवेल. सिमेंटची आणि सळईची वाढ मात्र घर बांधणाऱ्यास सोसावी लागेल. म्हणूनच माझे मत असे की, कोळशावर वजनाच्या हिशेबाने आकार पुन्हा बसवावा, वीजकेंद्रांना त्यातून सूट देऊ नये, आणि त्यातून येणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा कायद्याने कोरडवाहू जिल्ह्यांच्या नावे बांधून द्यावा: खारपाणपट्ट्यातील गोड्या पाण्यासाठी, शेततळ्यांसाठी, दिवसा वीज देणाऱ्या सौर वाहिन्यांसाठी. खाणीच्या जिल्ह्यास जिल्हा खनिज प्रतिष्ठानातून वाटा मिळतो. धुराची हानी सोसणाऱ्या जिल्ह्यास तसा वाटा नसावा, याला तर्काचा आधार नाही.

तोवर बुलढाण्याच्या गावांत कार्बनचा बाजार पोहोचेल तो दुसऱ्याच दाराने. योजनेत बंधनकारक भागाखेरीज एक ऐच्छिक भागही आहे, ज्यात बाहेरच्या कोणी वायू कमी केला किंवा जमिनीत साठविला तर त्यास प्रमाणपत्र मिळते. आणि जगभर खासगी व्यवहारही याच तत्त्वावर चालतात. बांधावर बांबू लावा, कपाशीच्या पऱ्हाट्या न जाळता त्यांचा बायोचार करून रानात मिसळा, मशागत कमी करा, मोबदला देतो, अशी बोलणी घेऊन माणसे येऊ लागली आहेत, आणि ती सर्वच फसवी आहेत असे समजण्याचे कारण नाही. पऱ्हाटी पेटविण्याऐवजी तिची कोळसेदार भुकटी मातीत गेली तर पाणी धरण्याची शक्ती वाढते, हा लाभ प्रमाणपत्रावाचूनही खरा आहे. पण सही करण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर आल्या पाहिजेत. झाडे किती वर्षे उभी ठेवण्याचे बंधन आहे, आणि मधल्या दुष्काळात ती वाळली तर दिलेला पैसा परत मागितला जाईल काय. सातबाऱ्यावर करारापोटी कोणता बोजा चढतो. प्रमाणपत्र कोणाच्या नावे निघते आणि ते विकले गेल्यावर भावाचा किती हिस्सा शेतकऱ्यास. मोजणीचा खर्च कोणी सोसायचा. जमीन बटईने कसली जात असेल तर मोबदला मालकास की कसणाऱ्यास. आणि ही घट सरकारी संमतीने परदेशी विकली जाणार असेल, तर ती पॅरिस कराराच्या सहाव्या कलमान्वये भारताच्या स्वतःच्या हिशेबातून वजा होते, हे शेतकऱ्यास सांगितले आहे काय. असा प्रत्येक करार मराठीत असावा, दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंद व्हावी, आणि सह्या होण्याआधी तो ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविला जावा, एवढा नियम तर राज्य सरकारला दिल्लीची वाट न पाहता करता येईल.